भाचा लाइनच्या कामावर लागून रायला, घरी रडारड सुरू हाय. लाइनवाल्यायनो, खरं काय ते सांगा

वावरातला_मामा (दिग्रस) | रवि. रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी शेतकरी माणूस, दहा एकर वावर, तूर सोयाबीन कपाशी. विजेशी आपला संबंध म्हणजे मोटर लागली का नाही लागली एवढाच. माझा भाचा आयटीआय वायरमन झाला, दोन वर्षं घरीच बसला, महावितरणच्या विद्युत सहाय्यकच्या यादीत मार्क कमी पडले, आता एका ठेकेदाराच्या गँगमधे लागून रायला. पोल उभे करणं, तार ओढणं, पावसाळ्याआधी झाडं छाटणं असं काम हाय म्हणते. बहीण माझी रोज फोनवर रडते, कारण मागं आमच्या बाजूच्या गावात एक पोट्टा पोलवरच चिकटला होता ते तिनं डोळ्यानं पाह्यलं. भाऊजी म्हणतात जाऊ द्या, घरी बसून काय करते. आता दोघंही मलाच इचारतात अन् मले त्यातलं ओ का ठो कळत नाही. खरा धोका कशात असते, अन् पोरानं काय पाहून काम करावं, तेवढं सांगा राजेहो.

---

पुण्यातला_वऱ्हाडी | रवि. रात्री ९:५८

सरळ नाही म्हणा मामा. इकडे एमआयडीसीत तेवढेच पैसे मिळतात, वर पंखा पण असतो. दहा-बारा हजारासाठी कोण पोलवर चढतं.

---

आयटीआय_पास (आर्णी) | रवि. रात्री १०:१५

पुण्यातल्या भाऊ, तुमच्या पंख्याले लाइट कुठून येते ते पाहा जरा 😄 चंद्रपूरच्या केंद्रात वीज बनते अन् तिथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर डीसी लाइन गेली हाय, ५०० केव्हीची (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट), १९९९ पासून चालू, दीड हजार मेगावॅट तिकडे नेऊ शकते. कोणीतरी ते टॉवर उभे केले, कोणीतरी रोज त्याच्या खालून हिंडते. सगळेच पंख्याखाली बसले तं झालं मग.

(मी पण असाच गँगमधे आहो, चौथं वर्ष. सकाळी लिहितो, आता हात उचलत नाहीयेत.)

---

जुना_तारतंत्री (दारव्हा) | रवि. रात्री ११:२०

मामा, मी वीज बोर्ड होतं तेव्हा लागलो, २००५ मधे बोर्डाच्या कंपन्या झाल्या तेव्हाही पोलवरच होतो, अन् आता रिटायर होऊन घरी आहो. दहाही बोटं शाबूत आहेत म्हणून हे टाइप करून रायलो. लांब होईल पण पोराले वाचून दाखवा.

पहिली गोष्ट म्हणजे "लाइन बंद आहे" हे वाक्य. ह्या वाक्यानं जेवढे लाइनवाले नेले तेवढे वादळानं नेले नसतील. बंद केलेली लाइन वेगळी अन् अर्थ केलेली, म्हणजे जमिनीले जोडलेली, लाइन वेगळी. सबस्टेशनवाल्यानं बंद केली, एबी स्विच तुम्ही स्वतः ओढला, तरी ती लाइन फक्त बंद आहे, हात लावायच्या लायकीची नाही. डिस्चार्ज रॉड टाकून तिन्ही तारा जमिनीले जोडल्या, अन् जिथं काम करायचं तिथल्या दोन्ही बाजूनं जोडल्या, मग ती लाइन आपली.

कायले इतकं करायचं तर सांगतो. एका मे महिन्यात आमच्याकडे ११ केव्हीचा जम्पर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, जळला होता. परमिट, म्हणजे लाइन बंद करून काम करायची सबस्टेशनची लेखी परवानगी, घेतलं, एबी स्विचचं हँडल ओढलं. एबी स्विच म्हणजे वर तीन ब्लेड असतात, हँडल खाली आलं की तिन्ही सोबतच उघडाले पाहिजेत. हँडल खाली आलं, खडाक आवाजही झाला, माझ्या हेल्परनं शिडी लावली अन् दोन पायऱ्या चढला पण. मी सहज मान वर केली, ऊन डोळ्यावर येत होतं म्हणून टोपी आडवी धरली, पाहतो तं बाजूचे दोन उघडले होते अन् मधला ब्लेड जिथल्या तिथं. गंजून बसलेला, त्याचा दांडाच सटकला होता. मी ओरडलोसुद्धा नाही, त्याच्या पँटीचा पट्टा धरून मागं ओढलं. तो पडला, ढोपर फुटलं, मले शिव्या दिल्या. मग बोट दाखवलं तं तो तिथंच बांधावर बसला, अर्धा तास पाणी मागत होता.

त्या दिवसापासून नियम, हँडल ओढलं की मान वर. एक, दोन, तीन, मोठ्यानं मोजायचं. पोरं हसायचे, हसू द्या.

दुसरी गोष्ट, रॉड लावायचा क्रम. आधी क्लॅम्प अर्थिंगले पक्का करायचा, मग काठीनं हूक तारेवर. काढताना उलटं, आधी हूक काढायचा अन् सगळ्यात शेवटी क्लॅम्प. चुकून आधी हूक टाकला अन् क्लॅम्प हातात असला तं तारेतला करंट जमिनीत जायसाठी तुमचाच रस्ता धरते. हे आयटीआयमधे शिकवते, पण उन्हात घाईघाईत माणूस विसरते.

बाकी उद्या. डोळे दुखतात.

---

वावरातला_मामा | सोम. सकाळी ६:३०

वाचून अंगावर काटा आला काका. एक अडाणी प्रश्न, सबस्टेशनवरूनच बंद केली तं मग पुढच्या लाइनमधे करंट येते तरी कुठून?

---

शिफ्टवाली | सोम. सकाळी ७:०५

मी ३३/११ सबस्टेशनवर ऑपरेटर आहे, चंद्रपूरकडच्या मूल गावाच्या बाजूला, रात्रपाळी संपवून आत्ताच घरी आले. मामा प्रश्न अडाणी नाही, बरोबर तिथेच बोट ठेवलंत.

शेतातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ११ हजारचे ४३३ व्होल्ट करते एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण डीपीला सरळ-उलट कळत नाही. खालून वीज दिली तर ती तितक्याच इमानदारीनं वर चढवते. कोणी लाइट नाही म्हणून लग्नाच्या मांडवात जनरेटर लावला, मेन स्विच न काढताच घरच्या वायरिंगला जोडला, की २३० व्होल्ट डीपीत खालून शिरतात आणि वर ११ केव्हीच्या तारेवर हजारोंच्या घरात जाऊन बसतात. मी इथे ब्रेकर काढून परमिट दिलंय, माझ्या पॅनलवर सगळं शून्य, आणि तिकडे चार किलोमीटरवर तार जिवंत. शेजारच्या फीडरवरून (सबस्टेशनमधून निघालेल्या दुसऱ्या लाइनवरून) आकडा टाकलेला असला तरी तेच. आणि वरून दुसरी मोठी लाइन बाजूनं जात असेल तर नुसत्या इंडक्शननंही, म्हणजे तार न टेकता जवळून उतरलेल्या विजेनंही, झटका बसतो. म्हणून काका म्हणतात तेच, दोन्हीकडून अर्थ.

माझ्या बाजूचं पण सांगते. एकाच फीडरवर कधी कधी दोन गँग असतात, एक आपल्या लाइनमनची आणि एक ठेकेदाराची. परमिट दोन वेगळे. एकाचं काम झालं की त्याचा फोन येतो "ताई चालू करा". मी दुसऱ्याचं परमिट परत आल्याशिवाय करत नाही, मग मला फोनवर काय काय ऐकावं लागतं ते इथे लिहिता येणार नाही. त्याच वेळी गावातून वीस जणांचे फोन, ओलिताची पाळी आहे, अमक्या साहेबांना सांगतो, बदली करतो. करा म्हणावं. पुस्तकात सही आणि वेळ असल्याशिवाय ब्रेकरला माझा हात लागत नाही.

भाच्याला सांगा, परमिट कोणाच्या नावानं आहे ते रोज विचार. "शेठनं सांगितलं बंद आहे" हे परमिट नव्हे.

---

आयटीआय_पास | सोम. सकाळी ७:५०

ताई तुमच्यासारखे ऑपरेटर सगळीकडे असते तं अर्ध्या बायकांचे उपास कमी झाले असते.

आता ठेकेदाराचं सांगतो, नाव घेणार नाही, आहे त्याच्याकडेच काम आहे. आमच्या टेम्पोत एक निळी पेटी हाय. त्यात हेल्मेट, बेल्ट, ग्लोव्हज, रॉड, सगळं नवंकोरं. साइटवर गेलो की पेटी उघडायची, सगळ्यायनं घालायचं, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा अन् पेटी बंद. एकदा मी ग्लोव्हज मागितले तं मुकादम म्हणे "मळवतो काय". चार वर्षात फरक एवढाच पडला की आता मी बेल्ट परतच देत नाही, घरी घेऊन जातो, बायको म्हणते हा काय पट्टा आणला.

ग्लोव्हज मिळाले तं भाच्यानं हे करावं: मनगटाकडून गुंडाळत गुंडाळत यायचं, हवा बोटात अडकते, मग दाबून कानाजवळ धरायचं. फुस्स आवाज आला तं तो ग्लोव्हज फक्त भांडे घासाच्या कामाचा.

अन् मामा, लागताना हे इचारा की पीएफ कटते का, ईएसआयसी म्हणजे कामगार विमा आहे का (पगार २१ हजाराच्या आत असला तं लागू होते), हजेरी कुठं लागते. हजेरीवर नाव नसलं अन् काही झालं तं तो पोट्टा तिथं होताच हे सिद्ध करता करता घर विकते. नुकसानभरपाईच्या कायद्यात ठेकेदारासोबत काम देणारा मूळ मालकही जबाबदार असते, पण त्यासाठी कागदावर नाव तं पाहिजे.

---

संत्राबाग (वरूड) | सोम. दुपारी १२:३०

सगळे लाइनवाल्यायचीच बाजू घेऊन रायले म्हणून आमचीही लिहितो. मागच्या वैशाखात माझ्या बागेतले अकरा झाडं कापले, बारा वर्षाचे, आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झालेली. मी वावरात नव्हतो. आलो तं फांद्या पडलेल्या, फळ उन्हात, अन् गँग पुढच्या वावरात. इचारलं तं म्हणे "वरून आदेश". छाटायचे होते तं छाटा ना बाप्पा, बुडापासून कायले? अन् हे सगळे झाडं लाइनच्या नंतर लागले असं लिहून घेतलं, खोटं आहे, माझ्या बापानं बाग लावली तेव्हा लाइन नव्हती.

भाच्याले सांगा मामा, कुऱ्हाड चालवायच्या आधी शेतकऱ्याले एक फोन करत जा.

---

आयटीआय_पास | सोम. दुपारी १:१०

काका तुमचं दुःख कळते पण आमच्या हातात यादी देते, एवढे पोल एवढे स्पॅन (दोन पोलमधलं अंतर) आज झालेच पाहिजे, शटडाऊन ११ ते ३. त्यात मालकाचा नंबर कुठं शोधू. अन् संत्र्याचं झाड पंधरा-वीस फूट जाते की नाही?

---

जुना_तारतंत्री | सोम. दुपारी ४:४५

दोघंही थांबा. माप सांगतो. वावरातून जाणारी ११ केव्हीची उघडी तार जमिनीपासून कमीत कमी ४.६ मीटर पाहिजे, म्हणजे पंधरा फूट. रस्ता ओलांडत असली तं ६.१. आता संत्रा पंधरा फूट होतेच, म्हणजे तारेखाली ओळ आली की भांडण ठरलेलं. मे महिन्यात तार तापून अजून खाली लोंबते. सकाळी पाह्यलेलं अंतर दुपारी दोन वाजता राहत नाही.

पण संत्राबाग भाऊंचा मुद्दा बरोबर आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या ६८ कलमात स्पष्ट हाय, झाड अडथळा करत असेल तं मॅजिस्ट्रेटच्या आदेशानं काढता येते, पण झाड लाइनच्या आधीचं असेल तं वाजवी मोबदला द्या लागते. भाऊ, सातबाऱ्यावर फळझाडांची नोंद असेल, लाइन कधी टाकली ते कार्यालयात लिखित मागा, दोन तारखा शेजारी ठेवा अन् मगच बोला.

अन् पोरायनो, छाटायचं शिका. फांदी तुटताना आधी तारेकडेच झुकते. म्हणून वरच्या बाजूले दोर बांधायचा, दोघायनं तारेच्या उलट दिशेनं धरायचा, मग कोयता. आमच्या वेळी रोजंदारीवर आणलेला म्हातारा बाभळीवर चढायचा, पायात चप्पल, कमरेले काही नाही, अन् खाली उभा राहून आम्ही सांगायचो "तिकडची तोड". आता आठवलं की लाज वाटते. ओली फांदी तारेले टेकली की ती फांदी नाही, तीही तारच.

---

संत्राबाग | सोम. सायं. ६:२०

नोंद आहे सातबाऱ्यावर. लाइनची तारीख मागतो. धन्यवाद काका. पोट्ट्यावर राग नाही माझा, पण फळं मोजली होती मी.

---

टॉवरवर_टांगलेला (देवळी) | सोम. रात्री ८:३०

मामा मी मोठ्या लाइनचा माणूस, टॉवरवाला. वर्ध्याकडे ७६५ ची लाइन ओढत होतो तेव्हा गँगमधे आम्ही तिघंच मराठी, बाकी सगळे बंगालातल्या मालद्याचे. ते लोक टॉवरवर असे चालतात जसे आपण धुऱ्यावर. ४०० केव्हीले ४६ मीटरचा पट्टा लागते, ७६५ च्या डबल सर्किटले ६७. तेवढ्या पट्ट्यातून मोठं झाड काढायचं, म्हणून आमच्याशी भांडणं पण मोठी. केंद्राच्या २०२४ च्या सूचनेत टॉवरच्या पायाच्या जागेले जमिनीच्या किमतीच्या दुप्पट अन् तारेखालच्या पट्ट्याले ३० टक्के मोबदला म्हटलं हाय, आधी २०१५ च्या सूचनेत ८५ अन् जास्तीत जास्त १५ टक्के होते.

तुमच्या भाच्याले विजेपेक्षा बाकीचं जास्त सतावेल. आमचे एका टॉवरवर चार दिवस गेले, कारण वर आग्या मोहोळ. मालद्याचा एक पोरगा म्हणे धूर करतो, केला, अन् मग आम्ही सगळे पऱ्हाटीत आडवे, तोंडावर शर्ट. त्याले पस्तीस डंख. मुकादमानं पहिला प्रश्न केला की हार्नेस वरच राहिला का.

गंमत एक सांगतो, आपल्या तारांचे नावं सगळे जनावरांचे. गावातली ११ केव्ही म्हणजे वीझल, रॅबिट. मग डॉग, पँथर, झेब्रा, मोठ्या लाइनले मूस. टायगर पण असते. पहिल्या दिवशी स्टोअरवाल्यानं सांगितलं "जा, दोन ड्रम पँथर घेऊन ये", मले वाटलं माझी मजा घेऊन रायले.

---

पुण्यातला_वऱ्हाडी | सोम. रात्री ९:०२

😂😂 ताडोबाचं तिकीटच की हे. बरं ते मे महिन्यात तार लोंबते म्हणता मग बांधतानाच टाइट का नाही बांधत?

---

जुना_तारतंत्री | सोम. रात्री ९:५०

पुण्याच्या पोरा, नवीन गँग हीच चूक करते. मे मधे ओढली, टाइट सरळ रेघ, दिसाले छान. पौषात थंडी पडली की तीच तार आखडते, मग पोलवर तार धरणारी पिन वाकते, नाहीतं जोडावर तुटते, अन् रात्री दोन वाजता गहू ओलणारा शेतकरी फोन करते. झोल ठेवाच लागते, कोणत्या महिन्यात किती त्याचा तक्ता असते.

पोलचंही तसंच. आमची काळी माती. उन्हाळ्यात भेगा अशा की हात जाते, पावसात लोणी. आठ मीटरचा सिमेंट पोल दीड मीटर खाली गेला पाहिजे. पाच फुटाचा खड्डा उन्हाळ्यात सब्बलनं खोदून पाहा एकदा, चार फुटावर मुकादम म्हणते "चालते". अन् खोदलेली तीच काळी माती परत लोटते, मुरूम आणाले पैसे लागते ना. पहिल्या झडीत पोल मान टाकते. तुमच्या वावरात तिरपे पोल दिसतात ते वादळानं नाही झाले मामा, खड्ड्यानं झाले.

---

शिफ्टवाली | मंगळ. पहाटे ५:४०

शिफ्टवरूनच लिहितेय. एक राहिलं, जंगलपट्ट्यात काम लागलं तर. आमच्याकडे रानडुकराच्या त्रासानं काही जण धुऱ्यावर तार लावून सरळ करंट सोडतात. झटका मशीन वेगळी, ती क्षणभर झटका देते आणि सोडते. ही तार धरून ठेवते. डुक्कर मरतं, वाघ मरतो, आणि दुसऱ्या दिवशी पाहायला गेलेला मालकही मरतो. रात्री फॉल्ट शोधायला लाइनमन लाइनीच्या खालून चालत जातात तेव्हा नजर वर असते आणि ही तार घोट्याला लागते. बॅटरीचा उजेड आधी खाली, मग वर. एकट्यानं जायचं नाही. घाईच्या रात्री हे दोन्ही नियम मोडतात, वादळ झालं की एका माणसाकडे पाच गावं असतात.

---

लाइनमनची_घरवाली (पुसद) | मंगळ. सकाळी १०:१५

मी फक्त वाचत होते. मामा, तुमच्या बहिणीले एक सांगा. कामावर असताना फोन करायचा नाही. माझी सवय होती, दर तासाले, पोचले का, जेवले का. एक दिवस हे म्हणाले, वर असतो तेव्हा फोन वाजला की हात आपोआप खिशाकडे जाते. तेव्हापासून बंद. ते खाली उतरले की मिस कॉल देतात, मी उचलत नाही, वाजला म्हणजे झालं.

---

वावरातला_मामा | मंगळ. रात्री ८:५०

सगळ्यायचं वाचलं. बहिणीकडे गेलो होतो, मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवलं. जनरेटरचं ऐकून भाऊजी गप्प झाले, कारण मागच्या लग्नात आमच्याच मांडवात तसाच जोडला होता, मेन स्विच कोणी काढला होता का ते कोणालेच आठवत नाही. बहीण रडली नाही, मिस कॉलचं मात्र तिनं लगेच ठरवून टाकलं, भाचा म्हणते दिवसातून एकच देईन, ती म्हणते तीन.

भाचा लागणारच आहे, त्याचं ठरलं. हजेरी अन् पीएफचं मी स्वतः जाऊन इचारलं, ठेकेदार म्हणे पुढच्या महिन्यापासून. मी म्हटलं मग पोट्टाही पुढच्या महिन्यापासून. दोन दिवसात नाव चढवतो म्हणे, पाहू.

पण पूर्ण गँगमधे रॉडचा एकच सेट आहे म्हणते. दोन्ही बाजूनं लावाचे तं दुसरा कुठून आणावा? विकत भेटते का?

---

जुना_तारतंत्री | मंगळ. रात्री ९:२५

मागणी ठेकेदाराकडेच लिहून करा, देणं त्याचं काम आहे. ते येईपर्यंत माझा सेट माझ्या घरी पडून हाय, तीन रॉड, रिटायर झालो तेव्हा स्वतःच्या पैशानं घेतलेला होता म्हणून जमा केला नाही. क्लॅम्प चांगले आहेत. एका केबलचं वरचं कव्हर उंदरानं कुरतडलं, ती बदलून घ्या लागेल, अन् काठ्या टेस्ट केल्याशिवाय लाइनवर न्यायच्या नाहीत. भाच्याले घेऊन या, बसस्टँडवर उतरून फोन करा. क्लॅम्प आधी की हूक आधी ते माझ्यासमोर वीस वेळा करून दाखवल्यावर देईन.